जुना गंज पेठेतील एक कंत्राटदार



या मालेच्या चालकांनी आम्हाला विषय दिला तो असा : प्रथम व्यापारी, मग गावचा पुढारी आणि शेवटी नगराध्यक्ष किंवा महापौर झालेल्या एखाद्या गृहस्थाचे चरित्र सांगा. विषय ऐकून आमचे काही सोबती हसले. असे चरित्र शोधावयास लांब जावे लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. आधी खडीचा ट्रक, मग पाण्याचा टँकर, मग कारखान्याला माणसे पुरविण्याचा ठेका, आणि त्यावरच्या पायरीवर निवडणुकीचा फलक. पालघर काय, बोईसर काय किंवा तारापूरच्या कारखान्यांचा परिसर काय, हा जिना आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. त्या जिन्यावरील कोणाचे नाव घेऊन आज टाळ्या मिळविण्याची आमची इच्छा नाही.

आमच्या बाजूची माणसे निवडणेही सोपे होते. मजुरांचे कैवारी काका बॅप्टिस्टा १९२५ साली मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. गिरणी कामगारांचे पुढारी आणि मीरत खटल्यातील आरोपी शांताराम सावळाराम मिरजकर १९५८ साली मुंबईचे महापौर झाले. परंतु हे दोघे व्यापारी नव्हते. आणि कामगार संघटनेच्या माणसाने कामगार पुढाऱ्याची स्तुती करावी यात नवल ते काय? म्हणून आम्ही मुद्दाम एका कंत्राटदाराचे चरित्र घेतले आहे. ज्या जातीच्या माणसांशी आमचा जन्म भांडण्यात गेला, त्या धंद्यातील हा माणूस. त्यांचे नाव जोतीराव गोविंदराव फुले.

आता कोणी म्हणेल, फुले महापौर केव्हा झाले? झाले नाहीत. त्यांच्या काळी पुण्याला महापौरच नव्हता. ‘महापौर’ हा शब्दसुद्धा पुढे सावरकरांनी घडविलेला, आणि पुण्याची महानगरपालिका झाली ती १९५० साली. जोतीरावांच्या वेळी म्युनिसिपालिटीची सूत्रे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती असत आणि सभासद सरकारने नेमलेले असत. त्या सभासदांना ‘म्युनिसिपल कमिशनर’ म्हणत. आजचा कमिशनर तो अधिकारी. तेव्हाचा कमिशनर म्हणजे आजचा नगरसेवक समजावा. जोतीराव १८७६ पासून १८८२ पर्यंत या जागेवर होते. शाळा काढणारे फुले, ‘गुलामगिरी’ लिहिणारे फुले, सत्यशोधक समाज स्थापणारे फुले यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. कंत्राटदार फुले आणि नगरसेवक फुले यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगाला एक निवेदन दिले. त्याखाली सही करताना त्यांनी आपली ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल सभासद, पेठ जुना गंज, पुणे, अशी. ‘समाजसुधारक’ हे विशेषण तेथे नाही, ‘ग्रंथकार’ हेही नाही. स्वतःच्या हातांनी स्वतःची जी ओळख माणूस लिहितो, ती आम्हाला इतरांनी दिलेल्या पदव्यांहून अधिक विश्वासाची वाटते. त्या तीन शब्दांपैकी पहिला शब्द ‘व्यापारी’ हा आहे, याची नोंद घ्यावी.

व्यापारी आणि सत्ता यांचे नाते आपल्या किनाऱ्याला नवे नाही. तारापूरच्या विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंची पेढी एके काळी थेट हैदराबादेत निजामाला कर्ज देत होती. जकाती व महसुलाचे मक्ते त्यांच्याकडे होते, आणि औरंगाबादच्या टाकसाळीत त्यांनी पाडलेली नाणी ‘पेस्तनशाही’ म्हणून ओळखली जात. पुढे निजाम सरकारने देणे थकविले, तारण म्हणून दिलेला मुलूख काढून घेतला, आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत ती पेढी बुडाली. राजाच्या गरजेवर उभा राहिलेला व्यापारी राजाच्या मर्जीबरोबर खाली आला. त्या काळी व्यापाऱ्याला सत्तेत शिरण्याचा हाच एक दरवाजा ठाऊक होता. म्युनिसिपालिटी हा दुसरा दरवाजा इंग्रजी अमलात उघडला. तेथे राजाला पैसे पुरवावयाचे नसून लोकांनी भरलेल्या पट्टीचा हिशेब पाहावयाचा होता. निदान कागदावर तरी तसे होते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे माळ्याचे, मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचा धंदा घरात आला आणि आडनाव फुले झाले. म्हणजे सरकारदरबारी माल पुरविणे हे या घराला पिढीजात माहीत होते, असे म्हणावयास हरकत नाही. १८४८ साली मुलींची शाळा, त्यापायी वडिलांच्या घरातून बाहेर पडणे, १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारकडून शालजोडी, हा सर्व भाग आपणास ठाऊक आहे. आम्हाला येथे एवढेच विचारावयाचे आहे की, अशा माणसाचे घर कशावर चालले? शाळा वर्गणीवर चालत होत्या. सरकारी नोकरी धरली असती तर तोंड मिटावे लागले असते. भटजी-सावकारांच्या आश्रयाने राहण्याचा तर प्रश्नच नव्हता. जोतीरावांनी धंदा धरला. धातूच्या ओतकामाला लागणारे साचे विकण्याची एजन्सी त्यांनी घेतली. भाजीपाल्याचा आणि शेतीचा व्यवहार होताच. आणि ‘पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’ या नावाने त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. येरवड्याच्या पुलाला आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी सामान पुरविले. पुढे सत्यशोधक चळवळीत नावारूपास आलेले कृष्णराव भालेकर हेही या कंत्राटी कामांत वावरलेले गृहस्थ.

कंत्राटाचे काम कसे चालते हे या सभेत पुष्कळांना सांगावे लागणार नाही. काम झालेले असते एक, मापाच्या वहीत चढते दुसरे आणि बिलात निघते तिसरे. या तिन्हींच्या मधल्या सांधीत जी पोकळी असते तीत कारकून, ओव्हरसियर, मुकादम असे सगळे बसलेले असतात. बिगाऱ्याच्या रोजातून मुकादम कापतो, मुकादमाकडून ठेकेदार कापतो, ठेकेदाराचे बिल अडवून कचेरी कापते. वरून खाली पाहिले तर प्रत्येक जण आपण लुटले गेलो असे म्हणतो, आणि खरेच म्हणतो. परंतु सगळ्यात खाली जी बाई डोक्यावर पाटी घेऊन उभी असते तिला खाली कापावयास कोणीच नसते. आम्ही आमच्या भागात एका ठेक्यावर एकाच महिन्याचे दोन हजेरीपट पाहिले आहेत, एक इन्स्पेक्टरला दाखवावयाचा आणि एक पगार वाटावयाचा. दोन्हींवर अंगठे तेच, आकडे मात्र वेगळे.

जोतीराव या सांधीत बसलेले होते. त्यांनी ती आतून पाहिली, आणि पाहून गप्प राहिले नाहीत. इंजिनियर खात्यातील ब्राह्मण कामगार मजुरांच्या आणि रयतेच्या पैशावर कसा हात मारतात यावर त्यांनी पोवाडा लिहिला. काही मंडळींना त्यातील जातीचा उल्लेख खटकतो. खटको. त्या खात्यात लिहिणारा कोण होता आणि दगड वाहणारा कोण होता, हे त्या काळी जातीवरूनच ठरत होते. तेव्हा हिशेब जातीच्या नावानेच मांडला गेला. पण यात आम्हाला दुसरीही एक गोष्ट दिसते. ज्या खात्याकडून बिल पास करून घ्यावयाचे त्याच खात्याची अंडी-पिल्ली छापून काढणारा कंत्राटदार किती दिवस धंद्यात टिकेल? आजचा कोणताही शहाणा ठेकेदार असले काही करणार नाही. तो अधिकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला अहेर पाठवील.

खडकवासल्याचा अनुभव त्यांच्या लिखाणात आणखी एका वाटेने उतरला. हे धरण १८६९ च्या सुमारास सुरू झाले, त्याच्या तलावाला कर्नल फाइफ याचे नाव मिळाले, कालवे निघाले. पण सुरुवातीस शेतकरी पाणी घेण्यास बिचकत होते. पाणीपट्टीची भीती आणि सरकारी खात्याचा अविश्वास, दोन्हीही कारणे खरी होती. जोतीरावांनी मांजरीजवळ जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला करून दाखविला. ज्याने धरणाला दगड पुरविला त्यानेच त्या धरणाचे पाणी शेतात घेतले, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात पाणी, बांध, तळी आणि इंजिनियर खाते यांच्याविषयी जे तपशील येतात, त्यांत धंद्याच्या माणसाचा हात ओळखू येतो. असूडाचा फटका सर्वांना दिसतो. त्यामागचा मापाचा फूट कोणाच्या लक्षात येत नाही.

आता म्युनिसिपालिटीकडे वळू. योगायोग असा की, जोतीराव ज्या १८७६ साली पुण्याच्या सभागृहात आले, त्याच साली इंग्लंडात बर्मिंगहॅमचा महापौर जोसेफ चेंबरलेन आपल्या पदावरून उतरला. हाही व्यापारीच, स्क्रू बनविणाऱ्या कारखान्याचा भागीदार. पुष्कळ पैसा मिळवून १८७४ साली त्याने धंदा सोडला आणि सगळे लक्ष नगरपालिकेकडे दिले. १८७३ ते १८७६ या तीन वर्षांत त्याने शहरातील गॅसच्या खाजगी कंपन्या सुमारे वीस लाख पौंडांना नगरपालिकेकडे घेतल्या, त्यामागोमाग पाणीपुरवठाही घेतला. गॅसचा नफा भागीदारांच्या खिशात जाण्याऐवजी शहराच्या तिजोरीत पडू लागला. गलिच्छ वस्ती पाडून त्याने रुंद रस्ता काढण्याची योजना केली. मात्र ज्यांची घरे पडली त्या मजुरांना बदली घरे फारशी मिळाली नाहीत, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दुकाने उभी राहिली. पुढे हाच गृहस्थ वसाहतमंत्री होऊन साम्राज्याचा मोठा झेंडेकरी झाला. तरीसुद्धा ‘व्यापारी नगराध्यक्ष’ म्हटले की विलायतेत आजही त्याचेच नाव घेतात.

चेंबरलेनपाशी बहुमत होते, कर्ज काढण्याची ताकद होती, मागे पार्लमेंटचा कायदा होता. जोतीरावांपाशी सभागृहातील एक खुर्ची होती, आणि ती देणारे सरकारच होते. म्हणून दोघांची कामगिरी एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. जोतीरावांच्या नावावर गॅस नाही, नळ नाही, रुंद रस्ता नाही. त्यांच्या सहा वर्षांतील ज्या गोष्टी लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या बहुतेक ‘नाही’ म्हणण्याच्या आहेत.

पहिली गोष्ट व्हाइसरॉयच्या स्वागताची. १८८० च्या सुमारास बडे लाटसाहेब पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये मंजूर करावेत, अशी सूचना अध्यक्षांकडून आली. नेमलेले सभासद बत्तीस. एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच पास झाला. पुढे दोनच वर्षांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाला महिना निदान बारा रुपये पगार असावा अशी मागणी केली. आम्ही जमाखर्चाच्या सवयीने भागाकार करून पाहिला. हजार रुपये म्हणजे एका शिक्षकाचा जवळजवळ सात वर्षांचा पगार. तो दोन-चार दिवसांच्या कमानी-पताकांवर गेला. कंत्राटदाराला हा भागाकार तोंडपाठ असतो. कमानीला बांबू किती, कापड किती, आणि बिलात किती, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. बाकीचे एकतीस सभासद शिकलेले होते, प्रतिष्ठित होते. त्यांना हिशेब येत नव्हता असे नाही. परंतु ज्याने नेमले त्याच्या साहेबाच्या स्वागताला नाही कसे म्हणावे, हा प्रश्न त्यांना पडला असेल. जोतीरावांनाही त्याच सरकारने नेमले होते, आणि त्यांची कंत्राटेही सरकारी कामांची होती.

दुसरी गोष्ट दारूच्या दुकानांची. शहरात दारूची दुकाने वाढत चालली, तेव्हा १८८० साली जोतीरावांनी म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून हरकत घेतली. एका बाजूने म्युनिसिपालिटी लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते आणि दुसऱ्या बाजूने वस्तीत दारूची दुकाने उघडतात, त्यात कितीतरी संसार बुडतात, असा त्यांचा मुद्दा होता. आबकारीचे उत्पन्न सरकारचे. तेथे म्युनिसिपालिटीचे काही चालत नव्हते. पण पगाराच्या दिवशी दुकान कोठे असावे आणि कोठे नसावे, हा प्रश्न मजूर वस्तीत राहणाऱ्या प्रत्येक बाईला कळतो. आमच्या चाळींतून आजही सर्वांत मोठा मोर्चा निघतो तो याच प्रश्नावर, आणि त्यात पुढे बायकाच असतात.

तिसरी गोष्ट मंडईची. रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांसाठी काही लाखांची मोठी इमारत बांधण्याची योजना पुढे आली. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनी तिला विरोध केला. शिक्षणाकडे पैसा नाही आणि इमारतीकडे आहे, हे त्यांना पटले नाही. येथे आमचे मत थोडे वेगळे आहे. मंडई पुण्याला हवी होती असे आज दिसते. पावसात चिखलात बसून भाजी विकणाऱ्या बाईला छप्पर मिळणे वाईट कसे म्हणावे? पण कोणते काम आधी आणि कोणते मागून, हा प्रश्न छपराच्या उपयोगाने सुटत नाही. नगरपालिकेला बांधकाम नेहमी आधी सुचते. शाळेचे उद्घाटन एकदाच करता येते, आणि शिक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो; त्या पगारातून कोणालाही टक्केवारी मिळत नाही. जोतीराव स्वतः बांधकामाच्या धंद्यातले. मोठी इमारत निघाली की कोणाचे चूल-पोतेरे चालते हे त्यांना माहीत होते. असा माणूस इमारतीच्या विरुद्ध उभा राहतो, तेव्हा त्याचे म्हणणे निदान ऐकून घ्यावे.

‘नाही’ म्हणणाऱ्या या माणसाला हवे काय होते, हे त्या निवेदनावरूनच समजते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. लोकल फंडाचा निदान अर्धा वाटा त्याकडे लावावा. मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा भार म्युनिसिपालिटीने उचलावा. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, ज्यांना हातात अवजार धरण्याची लाज वाटणार नाही. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः शेतकऱ्याच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांवर, हा त्यांचा मूळ आक्षेप. व्यापाऱ्याने जमा आणि खर्च समोरासमोर लिहावा तसा हा मांडलेला आहे.

आता आमच्या पेशाला अडचणीचा भाग. मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांनी १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळाली, हे आम्ही दर मे दिनाला सांगतो. हे लोखंडे जोतीरावांचे अनुयायी. त्यांनी चालविलेले ‘दीनबंधु’ पत्र भालेकरांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात काढले होते, ते लोखंडे यांनी १८८० साली मुंबईस नेले. आणि सत्यशोधक मंडळींना छापखान्यासाठी साहाय्य कोणी केले? रामय्या व्यंकय्या अय्यावारू आणि त्यांच्यासारखे मुंबईचे तेलुगू कंत्राटदार. म्हणजे ज्या चळवळीतून आमच्या संघटनेचा पाया घातला गेला, तिच्या तळाशी ठेकेदारांचा पैसा आहे. ही गोष्ट आमच्या सभांतून सांगितली की काही जण अस्वस्थ होतात, आणि बाहेर ठेकेदारांना सांगितली की ते खूश होतात. दोघांनाही आमचे एकच सांगणे असते की, त्या कंत्राटदारांनी दिलेला पैसा मोजा आणि त्याबरोबर त्यांनी काय मागितले नाही तेही मोजा. त्यांना फलकावर फोटो नको होता. बहुतेक जण स्वतः कष्टकरी जातींतून वर आलेले, कालपरवापर्यंत पाटी-फावडे पाहिलेले होते.

जोतीरावांच्या धंद्याचा शेवट कसा झाला तेही सांगितले पाहिजे. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. त्यानंतर दोन महिन्यांत अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहिणे चालविले. पैसा उरलेला नव्हता. जो माणूस पुलाला आणि धरणाला सामान पुरवीत होता, त्याच्यासाठी मामा परमानंदांना १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे साहाय्याचे पत्र लिहावे लागले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव वारले. धंद्यातला पैसा शाळांत, अनाथ मुलांत, १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस काढलेल्या बालाश्रमात आणि पुस्तकांच्या छपाईत गेला. सावित्रीबाईंचे नंतरचे दिवस ओढगस्तीचेच गेले. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्या गेल्या.

त्यांनी ज्या मंडईला विरोध केला ती १८८६ साली पुरी झाली. गव्हर्नर रे साहेबांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि तिला त्यांचेच नाव देण्यात आले. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत निवडून आले, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने ते नाव जाऊन ‘महात्मा फुले मंडई’ असे नाव पडले. जुना गंज पेठही आता महात्मा फुले पेठ झाली आहे. पुण्याच्या बायका मात्र भाजीला जाताना अजून नुसते ‘मंडईत जाऊन येते’ असेच म्हणतात.